मेपलच्या जागी करंज : बागेच्या डिजिटल आराखड्यासाठी तयार मॉडेल शोधताना

जयसिंगपुरातल्या एका बंगल्याच्या बागेचं चित्र मी पहिल्यांदा लॅपटॉपवर करून नेलं, तेव्हा घरमालकांनी ते बराच वेळ न्याहाळलं. मग फाटकाजवळच्या तांबूस पानांच्या झाडावर बोट ठेवून म्हणाले, "हे कुठलं झाड म्हणायचं? आपल्याकडं नर्सरीत मिळतंय न्हवं?" ते मेपल होतं. इंटरनेटवरच्या साठ्यात नुसतं 'ट्री' टाकल्यावर पहिल्या पानावर जे आलं, ते मी उचलून ठेवलं होतं. आमच्या शिरोळ तालुक्यात मेपल मिळत नाही, आणि कुठून आणून लावलंच तरी इथल्या उन्हाळ्यात ते तग धरणार नाही. गिऱ्हाइकाला आवडलेली ती एकच गोष्ट मला खोडावी लागली. तेव्हापासून माझा एक नियम आहे. जे झाड रोपवाटिकेतून टेम्पोत घालून आणता येत नाही, ते पडद्यावरही येणार नाही.

तयार मॉडेल वापरण्यात कमीपणा नाही. एक झाड पानापानानं स्वतः उभं करायचं तर दिवस जातो, आणि बागेत झाडं असतात पंचवीस. अडचण अशी की हे साठे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी, त्यांच्या हवामानासाठी भरलेले आहेत. रोपवाटिका चालवणारी मुलं, सिव्हिलचा डिप्लोमा करून घरांचे नकाशे काढणारे, माळावर फार्महाऊस बांधू पाहणारे, अशा सगळ्यांना उपयोगी पडेल असं थोडं इथं सांगतो.

कुठं शोधायचं

सुरुवात करणाऱ्यानं स्केचअप आणि त्याला जोडलेलं थ्रीडी वेअरहाऊस इथूनच करावी. २००६ साली गूगलनं हा साठा उघडला, २०१२ पासून तो ट्रिम्बल कंपनीकडं आहे. जगभरच्या लोकांनी चढवलेली मॉडेलं तिथं फुकट मिळतात, त्यामुळं सोनं आणि कचरा एकाच ढिगात असतो. स्केचअपची ब्राउझरमध्ये चालणारी फुकटची आवृत्ती शिकायला पुरते, पण ती वैयक्तिक वापरापुरती आहे. गिऱ्हाइकाकडून पैसे घेणार असाल तर परवाना विकत घ्या, नाहीतर ब्लेंडर शिका. ब्लेंडर २००२ पासून मुक्त सॉफ्टवेअर आहे आणि धंद्यासाठीही फुकट आहे. शिकायला जड जातं, हे मात्र खरं.

ब्लेंडरवाल्यांसाठी पॉली हेवन ही उत्तम जागा. झाडं मोजकी आहेत, पण दर्जेदार आहेत, आणि सगळी हक्कमुक्त असल्यानं कुणाचं नाव द्यावं लागत नाही की परवानगी मागावी लागत नाही. त्यातलं 'जॅकरांडा' म्हणजे आपला नीलमोहोर, तो आहे तसा चालतो. स्केचफॅबवर निवड मोठी आहे, पण तिथं प्रत्येक मॉडेलखालचा परवाना वाचल्याशिवाय उतरवून घेऊ नका. 'बीवाय' असेल तर करणाऱ्याचं नाव द्यायचं. 'एनसी' असेल तर पैशाच्या कामाला वापरायचं नाही. 'एनडी' असेल तर त्यात बदल करून पुढं द्यायचं नाही, म्हणजे आपल्या दृष्टीनं ते निरुपयोगीच. टर्बोस्क्विड आणि सीजीट्रेडर या विकत घ्यायच्या जागा. एखादं वडाचं झाड पुढं दहा कामांत वापरायचं असेल तर पैसे मोजायला हरकत नाही. थ्रीडी वेअरहाऊसमधली मॉडेलं आपल्या आराखड्यात घालून गिऱ्हाइकाला देता येतात, पण तीच गोळा करून 'झाडांचा संच' म्हणून विकता येत नाहीत. पेन ड्राइव्हवर असे संच विकणारे भेटतात. घेऊ नका.

उतरवण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक म्हणजे फाइलचा प्रकार. स्केचअपची फुकटची आवृत्ती वापरत असाल तर एसकेपीच शोधा. ब्लेंडरला जीएलबी, एफबीएक्स, ओबीजे यांतलं काहीही चालतं. दुसरी गोष्ट म्हणजे वजन. पानं एकेक करून काढलेल्या झाडात लाखभर त्रिकोण सहज असतात. अशी पाच झाडं बसवली की आठ जीबी मेमरीचा लॅपटॉप गुडघे टेकतो.

नावात अडकलेली झाडं

खरी कसोटी शोधताना लागते. मराठी नाव टाकून काहीच येत नाही, इंग्रजी नाव टाकून भलतंच येतं. पिंपळासाठीचं इंग्रजी स्पेलिंग जरा चुकलं की माणसांची मॉडेलं समोर येतात. नुसतं 'फायकस' टाकलं तर दिवाणखान्यात ठेवायच्या कुंड्या येतात. म्हणून रोमन लिपीत शास्त्रीय नाव टाका आणि दोन्ही शब्द टाका. उंबर म्हणजे फायकस रेसिमोसा, वड म्हणजे फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ म्हणजे फायकस रिलिजिओसा, बहावा म्हणजे कॅसिया फिस्टुला, कडुलिंब म्हणजे अझाडिराक्टा इंडिका. करंजाची दोन नावं चालतात, पोंगामिया पिनाटा आणि मिलेटिया पिनाटा, दोन्ही टाकून पाहा. गुलमोहर 'रॉयल पॉइन्सियाना' किंवा 'फ्लॅम्बॉयंट' या नावानं फ्लोरिडा आणि कॅरिबियन भागातल्या लोकांनी भरपूर चढवलाय. चाफा 'प्लुमेरिया' किंवा 'फ्रँजिपानी' या नावानं लगेच सापडतो.

जे सापडत नाही त्याचा भाऊबंद शोधायचा. आपलं राज्यपुष्प ताम्हण क्वचितच मिळतं, पण त्याच्याच वंशातलं 'क्रेप मर्टल' हे अमेरिकन बागांतलं लाडकं झाड आहे, त्याची मॉडेलं ढिगानं आहेत. ते बुटकं आणि अनेक खोडांचं असतं. एक खोड ठेवून बाकीची काढायची, उंची वाढवायची, फुलांचा रंग जांभळ्याकडं न्यायचा. मोठं करताना पानंही मोठी होतात, आणि इथं ते पथ्यावरच पडतं, कारण ताम्हणाची पानं मोठीच असतात. बहाव्याऐवजी 'लॅबर्नम' घेता येतं. त्याची पानं जवळून पाहिली तर वेगळी आहेत, पण लोंबत्या पिवळ्या घोसांमुळं वीस फुटांवरून फरक कळत नाही. चिंचेला 'हनी लोकस्ट' चालतं, कडुलिंबाला 'चायनाबेरी', म्हणजे बकाणा.

उंबराचं मात्र कुठल्याच भाऊबंदावर भागत नाही, कारण उंबराची खूण पानांत नाही, खोडाला लगडलेल्या फळांत आहे. दत्ताच्या नृसिंहवाडीच्या इतक्या जवळ राहून गिऱ्हाइकाला फळांशिवायचा उंबर दाखवलात तर तो ओळखणारही नाही. कुठलंही जाड, वेडंवाकडं खोड असलेलं फायकस घ्या, सुपारीएवढे दहा-बारा गोळे करून एक घोस बनवा, त्याला हिरवट-तांबडा रंग द्या आणि त्या घोसाच्या प्रती खोडावर आणि जाड फांद्यांवर चिकटवा. अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या भागातल्या बागेत उंबराबद्दल एकदा तरी विचारणा होतेच, त्यामुळं हा अर्धा तास लवकर वसूल होतो. घराच्या पायापासून आणि पाण्याच्या टाकीपासून तो लांब दाखवा, इतकंच. मुळं पडद्यावर दिसत नाहीत.

एवढं करूनही न मिळणाऱ्या झाडाचा फोटो काढावा. ढगाळ दिवशी, मागं मोकळं आभाळ येईल असा समोरून घ्यायचा, गिम्पमध्ये भोवतालचा भाग कापायचा आणि पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल म्हणून साठवायचा. स्केचअपमध्ये हे चित्र एका उभ्या पृष्ठभागावर लावून कंपोनंट करताना 'ऑलवेज फेस कॅमेरा' निवडलं की झाड नेहमी पाहणाऱ्याकडं तोंड करून उभं राहतं. वरून पाहिलं तर कागदाच्या पट्टीसारखं दिसतं, पण लांबच्या रांगेतल्या झाडांना याहून स्वस्त उपाय नाही. मी कुंपणालगतची सगळी झाडं अशी सपाट ठेवतो आणि बसायच्या जागेजवळची दोन-तीनच भरीव घेतो.

पार, वृंदावन, काळा दगड

झाडांपेक्षा बांधकामाच्या वस्तू सोप्या. 'तुलसी' हे रोमन लिपीत टाकलं की भारतीयांनी चढवलेली वृंदावनं सापडतात. बहुतेकांवर संगमरवर चिकटवलेला असतो, तो काढून आपल्या घराला शोभेल असा दगड किंवा लाल मातीचा रंग द्यायचा. पार सहसा मिळत नाही, पण तो करायला काय लागतं? बारा फुटांचं वर्तुळ, दीड फूट उंची, कडेला फूटभर रुंदीची दगडी फरशी. काळ्या दगडाचा पोत इंटरनेटवर शोधत बसू नका. गावातल्या जुन्या भिंतीचा सावलीच्या वेळी समोरून सरळ फोटो घ्या आणि लावताना त्याची खरी रुंदी टाका. ती टाकली नाही तर एकेक दगड म्हशीएवढा दिसतो.

दीपमाळ किंवा कोरीव कुंडी अशा वस्तू मोबाइलवरच्या रिॲलिटीस्कॅनसारख्या ॲपनं भोवती फिरून फोटो घेत मॉडेलमध्ये आणता येतात. दगडावर हे उत्तम चालतं, झाडावर नाही, कारण वाऱ्यानं पानं हलतात आणि सगळं विरघळल्यासारखं येतं.

'खिद्रापूरसारखा मंडप करा' अशी मागणी आमच्याकडं येते. कोपेश्वराच्या शिलाहारकालीन देवळातल्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आहेत, आणि मधलं उघडं वर्तुळ बारा खांबांवर पेललेलं आहे. कोरीव खांबांचं मॉडेल शोधून तेच बारा वेळा ठेवण्याचा मोह होतो, त्यानं फाइल मरते आणि बंगल्यासमोर ते शोभतही नाही. बारा साधे गोल खांब आणि वर उघडं वर्तुळ एवढं केलं तरी पाहणारा 'खिद्रापूर' म्हणतो. त्या मंडपाची जादू नक्षीइतकीच आभाळाच्या त्या गोलात आहे, आणि गोल काढायला साठ्यात शोधावं लागत नाही.

मापात आणणं

उतरवलेलं मॉडेल थेट आराखड्यात टाकू नका. आधी कोऱ्या फाइलमध्ये उघडा. मीटरमध्ये केलेलं बाक इंचाच्या फाइलमध्ये आलं तर ४५ सेंटिमीटरची बैठक अर्ध्या इंचाहून बारीक होते, उलट झालं तर घरापेक्षा मोठी. स्केचअपमध्ये कंपोनंटच्या आत जाऊन टेप मेझरनं एक ओळखीचं अंतर मोजा, बैठकीची उंची घ्या, आणि खरं माप टाइप करा. आकार बदलायचा का, असं विचारलं की होकार द्या. झाडाची उंची वाढवताना चारही बाजूंनी सारखं वाढवा. नुसतं वर ताणलं तर ते निलगिरीसारखं काटकुळं होतं.

झाड जमिनीत रुतलेलं किंवा अधांतरी दिसलं तर दोष आसबिंदूचा, म्हणजे मॉडेलचे अक्ष जिथं मिळतात त्या बिंदूचा असतो. तो खोडाच्या बुडाशी आणून ठेवा. एकाच झाडाच्या सात प्रती ठेवून त्यातली एकच बदलायची असेल तर आधी तिच्यावर 'मेक युनिक' करा, नाहीतर एकाची फांदी कापली की सातही झाडांची कापली जाते. पहिल्या कामात माझी करंजाची अख्खी रांग अशी एका क्षणात बोडकी झाली होती. आणि प्रती ठेवताना प्रत्येक थोडी फिरवा, थोडी लहानमोठी करा. निसर्गात दोन झाडं एकसारखी एकाच दिशेला कधी झुकत नाहीत.

काम संपल्यावर 'पर्ज अनयूज्ड' चालवायला विसरू नका. मॉडेलांबरोबर आलेले, न वापरलेले रंग आणि पोत फाइलमध्ये लपून बसलेले असतात.

मापासारखाच रंगही इथला करावा लागतो. परदेशी झाडांचा हिरवा बऱ्याचदा निळसर, गार असतो. आपल्याकडचा हिरवा उन्हातला, पिवळ्याकडं झुकणारा. पानांच्या रंगाची छटा थोडीशी पिवळ्याकडं सरकवली की चित्र एकदम इथलं वाटायला लागतं. फुलांच्या बाबतीत मात्र प्रामाणिक राहा. पळस फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडलेल्या फांद्यांवर फुलतो, बहावा एप्रिल-मेमध्ये, प्राजक्त पावसाळ्याच्या उत्तरार्धात. सगळे एकाच चित्रात फुललेले दाखवणारे आराखडे मी पाहिलेत. ते देखणे असतात, पण कॅलेंडरमध्ये असा महिना नाही.

ऊन कुठल्या गावचं आणि पाणी कुठवर

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते सांगतो. स्केचअपमध्ये जागा नेमून दिली नाही तर सावल्या अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधल्या बोल्डर गावच्या पडतात, कारण हे सॉफ्टवेअर मूळचं तिथलं. बोल्डर ४० अंश उत्तरेला, शिरोळ १६.७ अंशांवर. फरक केवढा पडतो? २२ डिसेंबरला भर दुपारी वीस फुटी झाडाची सावली बोल्डरमध्ये ४० फूट पडते, शिरोळात साधारण १७ फूट. म्हणजे जागा न नेमता केलेल्या आराखड्यात ओसरीवर सावली दिसते आणि प्रत्यक्षात ती अंगणातच संपते. जागा नेमा, वेळ यूटीसी अधिक ५:३० करा. आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशापासून पश्चिमेला असल्यानं सूर्य माथ्यावर साडेबाराच्या सुमाराला येतो, त्यामुळं भर दुपारची सावली पाहायची तर घड्याळ साडेबारावर ठेवा.

मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत इथं दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. युरोपीय पुस्तकं वाचून 'सूर्य नेहमी दक्षिणेला' असं धरणाऱ्यांची इथं फसगत होते. पण आपला खरा त्रास एप्रिल-मेमधल्या चार वाजताच्या उन्हाचा, जे पश्चिमेच्या भिंतीला तापवतं. पंधरा एप्रिल, दुपारी चार, एवढी एक वेळ लावून मॉडेल पाहा आणि सगळ्यात दाट झाड कुठं हवं ते ठरवा. करंज तिथं शोभतो.

नदीकाठच्या गावांत उन्हाआधी पाण्याचा विचार. औरवाड, कवठेगुलंद, कुरुंदवाड, शिरोळ, या पट्ट्यात २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर लोकांच्या भिंतींवर खुणांच्या रूपात अजून आहेत. मी काय करतो, तर ती खूण जमिनीपासून मोजतो आणि मॉडेलमध्ये त्या उंचीवर सगळ्या जागेभर एक सपाट, अर्धपारदर्शक, गढूळ रंगाचा पृष्ठभाग टाकतो. दोन मिनिटांचं काम. पण त्या पृष्ठभागाखाली दिव्याचं बटण, पंप, लाकडी झोपाळा बुडालेला दिसला की चर्चेचा सूरच बदलतो. पपईचं झाड त्यात उभं दिसलं की सांगता येतं, हे साचलेल्या पाण्यात जाणार. उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन हे पाण्याशी जुळवून घेणारे. त्यांची मॉडेलं आधी शोधा.

उंची-सखलपणा मात्र गूगल अर्थवरून घेऊ नका. उपग्रहाच्या आकड्यात काही मीटरची चूक असू शकते, आणि पुराच्या गावात दोन मीटर म्हणजे अख्खं दार. गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल काढतो ती पद्धत घ्या. जागेच्या चार कोपऱ्यांची आणि मधली एक, अशा पाच उंच्या मिळाल्या की पुरे. महाभूनकाशावरून गटाचा आकार ढोबळ मानानं कळतो, पण कुंपण त्यावरून घालू नये. त्याला मोजणीच हवी.

क्षारपड रानात तर झाड निवडण्याआधी माती तपासायला द्या. कोंडिग्र्याच्या माळावर आणि कृष्णाकाठच्या काळ्या रानात एकच आराखडा चालत नाही, मग मॉडेल कितीही देखणं असो. आणि हिरवळीचा पोत चित्रात फुकट मिळतो, प्रत्यक्षात तिला रोज पाणी लागतं.

झाडाचं वय

तयार मॉडेल एका बाबतीत हमखास फसवतं. ते नेहमी भर तारुण्यातलं असतं. आपण लावतो पाच-सहा फुटांचं रोप, चित्रात मात्र तीस-चाळीस फुटांचा बहावा डोलत असतो. गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी फोन करून विचारतं, 'सावली कुठाय?' म्हणून मी प्रत्येक झाडाची तीन वयांची मॉडेलं ठेवतो, लावतानाचं, पाच वर्षांचं, पंधरा वर्षांचं. मोठं मॉडेल नुसतं लहान करून रोप होत नाही. त्याचं खोड जाड राहतं आणि ते बोन्सायसारखं दिसतं. रोपासाठी 'सॅपलिंग' असं टाकून वेगळं मॉडेल शोधा, किंवा ब्लेंडरमधलं सॅपलिंग ट्री जेन हे जोडसाधन वापरून करा. नव्या आवृत्त्यांमध्ये ते वेगळं उतरवून घ्यावं लागतं. तिन्ही वयं वेगवेगळ्या टॅगवर ठेवली की एका टिचकीत बाग वाढते. पाचव्या वर्षापर्यंतची रिकामी जागा दिसली की तिथं शेवगा, केळी, झेंडू असं काही तात्पुरतं सुचवता येतं. पंधराव्या वर्षाच्या चित्रात फांद्या विजेच्या तारांना भिडताना दिसल्या तर झाड आत्ताच चार फूट आत घेता येतं.

फाइलींची नावं रोमन अक्षरांत ठेवा, काही जुन्या सॉफ्टवेअरला देवनागरी नावं पचत नाहीत. नावातच वय, उंची आणि कुठून घेतलं ते लिहा. सहा महिन्यांनी परवाना कुठला होता ते आठवत नाही.

जयसिंगपूरच्या त्या बंगल्यात शेवटी मेपलच्या जागी करंज आला. मी तिन्ही वयांची चित्रं मोठ्या कागदावर छापून दिली. पंधराव्या वर्षाचं चित्र मालकांनी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं. पहिल्या वर्षाचं, मापं टाकलेलं, माळ्याकडं गेलं, आणि त्यानं ते लॅमिनेट करून पंपाच्या खोलीत खिळ्याला अडकवलं, पुराच्या खुणेच्या हातभर वर.